हार्वी बे आणि क'गारी बेटावर जाताय? मग या चुका टाळा

हार्वी बेचं प्लॅनिंग बहुतेक लोक उलटं करतात. आधी स्वस्त तिकीट शोधतात, मग समुद्रासमोरची रूम, मग गाडी, आणि सगळ्यात शेवटी, कधीकधी तर तिथे पोचल्यावर, बघतात की बेटावर जायची बार्ज (गाड्या नेणारी सपाट बोट) किती वाजता आहे, भरती कधी आहे आणि ज्या व्हेलसाठी एवढा घाट घातला ते व्हेल या महिन्यात इथे असतात तरी का. क्रम बरोबर याच्या उलट पाहिजे. आधी महिना ठरवा, मग भरती-ओहोटीचं टेबल बघा, मग बार्ज, मग गाडी, आणि रूम शेवटी. खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या निम्म्या तरी या एकाच गोष्टीतून निघालेल्या आहेत.

ज्यांना गाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड राज्यात, ब्रिस्बेनच्या उत्तरेला साधारण २९० किलोमीटरवर हार्वी बे आहे, गाडीने साडेतीन तास धरा. ट्रेनने आलात तर ती गावात येत नाही, मेरीबरो वेस्ट स्टेशनला उतरून पुढे बस घ्यायची. समोर क'गारी बेट, म्हणजे आत्ता आत्तापर्यंतचं फ्रेझर आयलंड. १२३ किलोमीटर लांब, जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट, १९९२ पासून जागतिक वारसा. जून २०२३ मध्ये बेटाला तिथल्या मूळ रहिवासी बुचुला लोकांचं जुनं नाव अधिकृतपणे परत मिळालं, त्यामुळे जुने नकाशे आणि जुन्या ट्रॅव्हल पोस्ट एका नावाने आणि परमिटचं पान, पाट्या दुसऱ्या नावाने असा प्रकार आहे. ही दोन वेगळी बेटं समजून दोन दिवसांचा प्लॅन करणारे लोकही असतात, तसं करू नका.

महिना न बघता व्हेलसाठी जाणं

डिसेंबर-जानेवारीत सुट्टी मिळते म्हणून लोक येतात आणि मरीनावर (बोटींच्या धक्क्यावर) जाऊन व्हेलची बोट विचारतात. उन्हाळ्यात हंपबॅक व्हेल तिकडे खाली अंटार्क्टिकाच्या पाण्यात पोट भरत असतात, इथे कुठून येणार? हार्वी बेचा सीझन साधारण जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंत, नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो. आणि इथली खरी मजा अशी की बाकी किनाऱ्यावरून व्हेल नुसते पुढे निघून जातात पण परतीच्या वाटेवर, दक्षिणेकडे जाताना, ते क'गारीच्या आडोशाला शांत पाण्यात येऊन चक्क थांबतात, काही दिवस आराम करतात. म्हणून इथे ते बोटीच्या आसपास रेंगाळतात, वर डोकं काढून माणसांकडे बघतात वगैरे.

सीझनमध्येही फरक आहे. ऑगस्टमध्ये तरुण, दांडगाई करणारे व्हेल जास्त, उड्या वगैरे बघायच्या असतील तर तेव्हा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आई आणि पिल्लं. माझं मत विचाराल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरची सुरुवात, कारण दोन्ही थोडं थोडं मिळतं आणि क्वीन्सलंडच्या शाळांची सप्टेंबरची सुट्टी अजून लागलेली नसते. ती लागली की रूमचे भाव आणि बार्जची गर्दी दोन्ही वर.

आता इतक्या शांत पाण्यात बोट लागणार नाही असं समजून लोक सकाळी दाबून नाश्ता करून चढतात. वारा सुटला की खाडीत सुद्धा छोट्या तुटक लाटा उठतात आणि त्या मोठ्या लाटांपेक्षा जास्त त्रास देतात. उलटीची गोळी बोटीत चढायच्या आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. बोटीच्या मागच्या भागात, खाली, उघड्या हवेत उभं राहा, नजर क्षितिजावर, मोबाईलच्या स्क्रीनवर नको. आणि जॅकेट न्या! सबट्रॉपिकल म्हणजे कायम गरम असं नाही, हिवाळ्यात रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि सकाळी पाण्यावरचा वारा बोचतो.

वाऱ्यामुळे टूर रद्द झाली तर काय? म्हणून व्हेलची टूर कधीही मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. पहिल्याच दिवशी ठेवा, रद्द झाली की दुसऱ्या दिवशी जाता येतं. व्हेल दिसलेच नाहीत तर बऱ्याच बोटी पुन्हा फुकट नेतात, पण त्यासाठी सुद्धा हातात दिवस शिल्लक पाहिजे ना.

चुकीच्या धक्क्यावर जाणं

ही चूक इतकी कॉमन आहे की जरा सविस्तर लिहितो. हार्वी बे म्हणजे एक ठिकाण नाही, पॉइंट व्हर्नन, पियाल्बा, स्कारनेस, टॉर्की, युरँगन अशी एकाला एक चिकटलेली समुद्रकाठची जुनी गावं आहेत. व्हेलच्या बोटी युरँगनच्या मरीनावरून सुटतात. पण गाडी घेऊन बेटावर नेणारी बार्ज तिथून सुटत नाही! ती सुटते रिव्हर हेड्सवरून, जे गावाच्या दक्षिणेला गाडीने वीसेक मिनिटांवर आहे. लोक मरीनाला पोचून पाटी शोधत बसतात आणि तिकडे बार्ज निघून जाते. बुकिंगच्या मेलमध्ये सुटायचं ठिकाण लिहिलेलं असतं, ते एकदा नीट वाचा आणि मॅपवर तेच टाका, नुसतं 'फेरी' टाकू नका.

त्याहून मोठा घोळ म्हणजे इन्स्किप पॉइंट. ही दुसरी बार्ज रेनबो बीच गावाजवळून सुटते आणि दहाएक मिनिटांत बेटाच्या दक्षिण टोकाला, हूक पॉइंटला सोडते. यूट्यूबवर दिसणारी ती थेट वाळूवर फळी टाकणारी बार्ज बहुतेक वेळा हीच असते. हार्वी बेमध्ये रूम घेऊन इन्स्किपची बार्ज पकडायची म्हणजे आधी दीड तासाचं ड्रायव्हिंग, तेव्हा रूम बुक करायच्या आधी कुठल्या बाजूने बेटावर चढायचं ते ठरवा. एका बाजूचं तिकीट दुसऱ्या बाजूला चालेल असंही धरू नका.

रिव्हर हेड्सवरून आणखी दोन पर्याय आहेत. एक किंगफिशर बेला जाते, साधारण ५० मिनिटं, तिथे रिसॉर्ट आहे, दुकान आहे, पेट्रोल आहे. दुसरी वांगूल्बा क्रीकला, अर्ध्या तासात, आणि तिथे काय आहे? काही नाही. धक्का आणि पुढे झाडीतून जाणारा वाळूचा ट्रॅक. छोट्या मुलांना घेऊन नुसतं एक दिवस फिरायला, पायीच जाणार असाल तर किंगफिशर बेच घ्या, वांगूल्बाला उतरून पायी कुठेच पोचणार नाही.

बार्ज चुकली तर घाबरून दुसऱ्या धक्क्याकडे गाडी पळवू नका. आधी कंपनीला फोन करा, पुढच्या फेरीत जागा असेल तर बऱ्याचदा घेतात. मात्र बेटावरून परतीची शेवटची चुकली तर तिथेच मुक्काम, आणि सुट्टीच्या दिवसांत रूम मिळेलच असं नाही. इथे अजून एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही, क्वीन्सलंडमध्ये उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यातही अंधार लवकर पडतो, आणि जूनमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, तर संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला सूर्य गेलेला असतो. 'चार वाजलेत, अजून खूप वेळ आहे' हा हिशोब इथे चालत नाही.

भरतीचं टेबल न बघणं

आता मुख्य मुद्दा. सिडनी किंवा गोल्ड कोस्ट बघून आलेले लोक हार्वी बेच्या एस्प्लनेडवर (किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर) पहिल्यांदा ओहोटीला पोचतात आणि विचारतात, समुद्र कुठे गेला? खाडी उथळ आहे, पाणी खूप आत जातं, मागे ओली वाळू आणि चिखल राहतो. आणि लाटा नाहीतच, कारण समोर १२३ किलोमीटरचं बेट आडवं पडलंय. म्हणून इथे सर्फिंगचा विचार सोडा, पण लहान मुलांना पोहायला भरतीच्या वेळी यासारखी जागा नाही. पोहायची वेळ घड्याळ बघून ठरवू नका, टेबल बघून ठरवा, भरतीच्या आधी-नंतर दोन तास. ओहोटीला युरँगन पिअरवर (समुद्रात गेलेल्या लांब धक्क्यावर) चालायला जा, ८६८ मीटर लांब आहे, पूर्वी यावरून रेल्वेचे डबे थेट जहाजापर्यंत जायचे, साखर आणि लाकूड घेऊन. आता लोक गळ टाकून बसलेले असतात.

गावात टेबल नाही बघितलं तर फार तर पाय चिखलात जातात. बेटावर गाडी जाते. क'गारीच्या पूर्व किनाऱ्यावरचा ७५ माईल बीच हाच तिथला हायवे आहे, खरोखरचा, म्हणजे वेगमर्यादा ८०, सीटबेल्ट, पोलीस, दारू पिऊन चालवलं तर चाचणी, सगळं. वरून छोटी विमानंही याच वाळूवर उतरतात, त्यांना वाट द्यावी लागते. पण भरती आली की हा हायवे पाण्याखाली. सांगितलं जातं की भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत बीचवर गाडी घालू नका. मी म्हणेन तीन तास धरा, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर नक्कीच. तारखा हातात असतील तर भांगाच्या भरतीचे (अष्टमीच्या आसपासचे) दिवस निवडा, पाणी कमी चढतं.

आणि यातली खाच अशी की युरँगनची भरतीची वेळ आणि बेटाच्या समुद्राकडच्या बाजूची वेळ एक नाही. हॉटेलच्या रिसेप्शनवर लावलेला कागद युरँगनचा असतो. पूर्व किनाऱ्यासाठी वॅडी पॉइंटच्या वेळा बघायच्या. हे न कळल्यामुळे टेबल बघून सुद्धा लोक चुकीच्या वेळी बीचवर असतात.

पाणी चढायला लागलं आणि तुम्ही अजून बीचवर आहात, तर? लाटा आणि टेकडी यांच्यामधून 'अजून पाच किलोमीटर तर आहे' म्हणत रेटू नका. जवळच्या अधिकृत ट्रॅकवरून वरच्या बाजूला निघा आणि पाणी उतरेपर्यंत डबा खात बसा. खाऱ्या पाण्यातून गाडी घालून वेळ वाचत नाही, गाडी जाते, आणि भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्स खाऱ्या पाण्याचं नुकसान सहसा भरून देत नाही. पाऊस झाल्यावर ओढ्यांनी बीच कापलेला असतो, लांबून दिसत नाही, ८० च्या स्पीडने त्या खड्ड्यात गेलेल्या गाड्या उलटलेल्या आहेत. म्हणून ८० ही मर्यादा आहे, टार्गेट नाही.

चुकीची गाडी, टायरमध्ये चुकीची हवा

एसयूव्ही म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह नाही. उंच दिसते म्हणून शहरातली गाडी घेऊन जाऊ नका, बेटावर एकही डांबरी हायवे नाही आणि तिथे हाय क्लिअरन्सची (जमिनीपासून पोट उंच असलेली) खरी फोर बाय फोरच लागते. विमानतळावर मिळणाऱ्या साध्या भाड्याच्या गाड्यांना बहुतेक करारात वाळूवर न्यायला मनाई असते, बारीक अक्षरात. हार्वी बेमध्ये खास बेटासाठी गाड्या देणारे आहेत, त्यांच्याकडून घ्या. शिवाय क्वीन्सलंड पार्क्सचं गाडीचं परमिट आधी ऑनलाइन काढायचं, कॅम्पिंग करणार असाल तर त्याचं वेगळं, बार्जच्या तिकिटात यातलं काहीच येत नाही.

वाळूवर कधी चालवलं नसेल तर, स्पष्ट सांगतो, पहिल्या वेळी टूर घ्या. हॉटेलवरून उचलतात, मोठ्या चाकांची बस असते, संध्याकाळी परत सोडतात. स्वतःच चालवायचं असेल तर टॅग-अलाँग टूर असते, पुढे गाइडची गाडी आणि मागे तुम्ही लोक. हौसेला हौस आणि रुतलात तर काढायला माणूस.

तरीही गाडी रुतली तर पहिली गोष्ट ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. चाकं जितकी फिरतील तितकी खाली जातील. उतरा, चाकांच्या पुढची-मागची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू फावड्याने काढा, टायरची हवा अजून कमी करा (वाळूसाठी साधारण १८ ते २० पीएसआयवर आणतात, पण तुमच्या गाडीचं भाड्यावाल्याला विचारा), आणि आलात त्याच चाकोरीतून हळू मागे घ्या. ओढायचीच वेळ आली तर दोरी टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) अडकवू नका, तो तुटला तर गोळीसारखा उडतो, यात माणसं मेलेली आहेत. गाडीला दिलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच लावा.

एक उलटी गोष्ट, कोकणातल्या रस्त्यांची सवय असणाऱ्यांना पटत नाही: आतल्या ट्रॅकवर पावसानंतर गाडी चांगली चालते, ओली वाळू घट्ट बसते. महिनोन्महिने पाऊस नसेल तेव्हा वाळू भुसभुशीत होते आणि सगळे रुततात. आत वेगमर्यादा ३० आहे आणि प्रत्यक्षात तेवढाही मिळत नाही, किंगफिशर बेपासून लेक मॅकेंझी नकाशावर अगदी जवळ दिसतं पण अर्धा-पाऊण तास सहज जातो. एका दिवसात लेक मॅकेंझी, एली क्रीक, महेनो हे फुटलेलं जहाज आणि पार उत्तरेकडची शॅम्पेन पूल्स (समुद्रकाठची खडकातली कुंडं) असा प्लॅन लिहून आणणाऱ्यांनी शॅम्पेन पूल्स खोडून टाका. दिवसाच्या ट्रिपमध्ये ते बसत नाही, बसवलं तर भरतीत अडकता.

पाण्याबद्दल गैरसमज

बेटाच्या पूर्वेचा समुद्र दिसायला सुंदर आहे आणि त्यात उतरायचं नाही. लाइफगार्ड नाहीत, रिप करंट (आत खेचून नेणारे प्रवाह) आहेत, टायगर शार्क आहेत. पोहायला तळी आणि एली क्रीक, त्यासाठीच लोक जातात. पश्चिमेच्या शांत पाण्यात उन्हाळ्यात विषारी जेलीफिश असू शकतात, त्यातला इरुकांजी तर नखाएवढा असतो. चावल्यासारखं वाटलं आणि थोड्या वेळाने पाठ, पोट जोरात दुखायला लागलं तर व्हिनेगर ओता आणि ०००ला फोन करा, 'बघू सकाळी' नको.

लेक मॅकेंझीत उतरायच्या ऐन वेळी अंगभर सनस्क्रीन चोपडून जाऊ नका. या तळ्यात पावसाखेरीज पाणी येत नाही आणि बाहेर जायला वाट नाही, तुम्ही जे सोडाल ते आतच राहतं. पूर्ण बाह्यांचा रॅश व्हेस्ट (पोहायचा घट्ट टी-शर्ट) घाला, उन्हापासून जास्त बचाव त्यानेच होतो. लेक वॅबीला वाळूच्या उतारावरून पळत येऊन पाण्यात सूर मारू नका, मान मोडून कायमचे जायबंदी झालेले लोक आहेत.

डिंगो

डिंगोला, म्हणजे बेटावरच्या जंगली कुत्र्याला, पाळीव कुत्रा समजणं ही चूक खरंच जिवावर बेतू शकते, २००१ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाचा जीव गेला आहे. खायला घालणं गुन्हा आहे आणि दंड हजारो डॉलरमध्ये जातो. खाऊ, कचरा, अगदी टूथपेस्ट सुद्धा बंद गाडीत, तंबूत नाही. मुलं हाताच्या अंतरावर, 'इथेच तर खेळतोय' म्हणून दहा पावलं लांब नको. बीचवर सकाळी जॉगिंगला जायची सवय असेल तर बेटावर ती सोडा, पळणारी गोष्ट दिसली की तो मागे लागतो.

जवळ आलाच तर पळू नका, वाकू नका, हात छातीशी घेऊन ताठ उभे राहा, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. दोघं असाल तर पाठीला पाठ लावून. फोटोसाठी थांबू नका. लहान मुलं असतील तर कुंपण असलेलीच कॅम्पसाइट घ्या.

गावाला एसटी स्टँड समजणं

रात्री उशिरा पोचायचं, सकाळी बार्ज, परत आलो की लगेच हायवे, असं बरेच जण करतात. यात दोन अडचणी. एक, गावात बरीच किचन्स रात्री आठच्या सुमाराला बंद होतात, नऊला पोचलात तर पेट्रोल पंपावरच्या सँडविचवर भागवायचं. शाकाहारी असाल तर सुपरमार्केटमधून आधीच सामान भरा, बेटावरही तेच, तिथे दुकानं मोजकी आणि महाग. दोन, संध्याकाळनंतर मेरीबरोच्या बाजूच्या रस्त्यांवर कांगारू येतात, दमलेल्या ड्रायव्हरने अंधारात तो प्रवास करण्यात काही अर्थ नाही. एक जादा रात्र ठेवा. सायकल भाड्याने घेऊन किनाऱ्यालगतच्या सपाट ट्रॅकवरून फिरा, मुलांना पियाल्बाच्या वेटसाइड वॉटर पार्कला सोडा, प्रवेश फुकट आहे.

बेटावर मोबाईलची रेंज बेभरवशाची, तेव्हा परमिट, बार्जचं बुकिंग, वॅडी पॉइंटचं टेबल आणि नकाशा निघायच्या आधीच फोनमध्ये सेव्ह करा.

परत आल्यावर रिव्हर हेड्सला उतरलात की कमी हवेवर तसेच हायवेला लागू नका, डांबरावर कमी हवेचे टायर तापतात आणि फुटतात, आधी हवा भरा. मग गाडीचं पोट धुवून घ्या, नुसतं वरून पाणी मारून मीठ जात नाही, खालून फवारा मारणारं वॉशिंग गावात मिळतं. भाड्याची गाडी असेल तर धुतल्यावर चारी बाजूंचे आणि खालचे फोटो काढा, चावी देताना त्यांच्या माणसासमोरच गाडी तपासून घ्या.